आठ सेकंदांचा नाझारेनो

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. रंगानं काळी, अंगानं चौकोनी, आणि पोटात गुंडाळलेली लांबच लांब फीत. पाठीवरचं लेबल निम्मंअधिक झिजलं आहे. त्यावर 'महाबली आणि मिठाची रा' एवढंच वाचता येतं, पुढचं अक्षर बोटांनी पुसून नेलं. सध्या माझा मुक्काम रोममधल्या क्वाद्रारो वस्तीत, एका इमारतीच्या तळघरात, बुटांच्या खोक्यात आहे. इथे ओल आहे, आणि ओल आम्हा फीतवाल्यांच्या जिवावर उठते. म्हणून म्हटलं, बुरशी चढण्याआधी सांगून टाकावं. माझी स्वतःची कहाणी तशी थोडीच आहे. तिच्यातला मोठा वाटा नाझारेनो नावाच्या माणसाचा आहे.

माझा जन्म मिलानजवळच्या एका खोलीत झाला. तिथे भिंतभर यंत्रं मांडलेली होती. एका यंत्रात चित्रपट लागायचा आणि दोनशे यंत्रांत त्याची नक्कल उतरायची. आम्ही दोनशे बहिणी एकाच मुहूर्तावर जन्मलो. महाबलीनं देवळाचा खांब उपटला, तो आम्हा सगळ्यांच्या पोटात एकदमच कोसळला.

चित्रपट कसा होता म्हणाल, तर हात आखडून काढलेला होता. तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी रंग. नगराची तटबंदी अशी की कुणी टेकलं तर हलायची. पंधरा घोडे टेकडीमागून पळत जाऊन पुन्हा समोरून यायचे आणि त्यांचं घोडदळ व्हायचं. सिंह इतका म्हातारा होता की त्याच्याशी झुंजताना महाबलीला त्याला सावरून धरावं लागत होतं. तरी मला माझा अभिमान होता. आपल्या पोटात जे आहे ते कुणालाही चांगलंच वाटतं.

पण माझ्यात एक जन्मजात खोट होती. हा चित्रपट थिएटरच्या लांबरुंद पडद्यासाठी काढला होता आणि घरातले टीव्ही त्या काळी चौकोनी होते. लांबट चित्र चौकोनात बसवायचं तर ते कापावं लागतं. कुठल्याशा टेबलाशी बसलेल्या माणसानं महाबली मधोमध ठेवला आणि दोन्हीकडच्या बाजू छाटून टाकल्या. त्याला तरी काय दोष द्यायचा, तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. मात्र मी छाटलेली आहे हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, जग एवढंच आहे.

एक्क्याण्णव सालच्या वसंतात मी क्वाद्रारोच्या चौकातल्या पेपरवाल्याकडे पोचले. त्यानं मला मासिकासोबत प्लास्टिकमध्ये घालून चिमट्यानं टांगून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी नाझारेनो आला. सत्तावन्न वर्षांचा, गिलावा करणारा गवंडी. नखांत कायमचा चुना, आणि ओठांवर टोकांना पीळ दिलेली जाडजूड मिशी. मित्रांनो, ही मिशी तेवढी लक्षात ठेवा.

"आली का माझी मिठाची राणी?" त्यानं विचारलं.

"आली एकदाची. दोन महिने डोकं खाल्लंस माझं," पेपरवाला म्हणाला. "एवढी काय लागून गेलीय ही राणी? सांगू का बायकोला, एर्सिलियाला?"

"तिला विचारूनच आलोय. अरे, आत मी आहे."

"कशाच्या आत?"

"या कॅसेटच्या. राणीच्या दरबारात, महाबलीच्या उजव्या हाताला. पहारेकरी."

"मग घरी ने आणि बाहेर काढ स्वतःला. तुझ्यावाचून गिलावा अडलाय माझ्या दुकानाचा!"

नाझारेनोनं मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याच्या छातीची धडधड मला घरापर्यंत ऐकू येत होती.

हा माणूस तीस वर्षं घरात आणि दारात एकच गोष्ट सांगत आला होता. तरुणपणी त्यानं जवळच्या स्टुडिओत बारा दिवस काम केलं होतं. त्यातले अकरा दिवस तो गर्दीत मेला. कधी बाण लागून, कधी खडक अंगावर पडून. पण एक दिवस त्याला महाबलीच्या शेजारी उभं केलं आणि कॅमेरावाला स्वतः म्हणाला, "छान दिसतोस, पूर्ण येतोयस." हे पूर्ण येणं नाझारेनोच्या मनात घर करून बसलं. पण त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. चित्रपट वर्षभरानं क्वाद्रारोच्या थिएटरात आला तो तीनच दिवस चालला, आणि नेमक्या त्या तीन दिवसांत त्याची बायको एर्सिलिया बाळंतपणाला इस्पितळात होती. मुलगी झाली, लोरेदाना. चित्रपट गेला तो परत आला नाही.

म्हणजे बघा, लोरेदानाच्या जन्मानं जे हुकलं होतं, ते तीस वर्षांनी मी भरून काढणार होते. घरात व्हिडिओचं यंत्र माझ्यासाठी म्हणून आलं. पुढच्याच रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. लोरेदाना आली, तिचा नवरा फाउस्तो आला. पास्ता झाला, भाजलेलं कोकरू झालं. नाझारेनोनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मिशीला तेल लावलं होतं. स्वतःच्या लग्नात तो एवढा नटला नव्हता, असं एर्सिलिया म्हणाली.

मला यंत्रात सरकवलं. तासभर सगळे हसत होते. तटबंदी हलली, हसले. सिंह जांभई देऊन झुंजला, हसले. नाझारेनोही हसत होता, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"आता," तो म्हणाला. "आता दरबार. गप्प बसा रे सगळे!"

दरबार आला. मधोमध महाबली साखळदंडात उभा होता. आणि त्याच्या उजव्या बाजूला, चित्राच्या अगदी काठाशी, एक उघडा दंड दिसला. दंडाखाली कोपर, कोपराखाली मूठ, मुठीत लाकडी तलवार. वरच्या कोपऱ्यात कसलं तरी लाल टोक फडफडत होतं. बस्स. दंडाचा मालक चित्राच्या बाहेर होता. आठ सेकंदांनी राणीचा चेहरा आला आणि दंडही गेला.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी खोट कळली. मी त्या माणसाला छाटून घरी घेऊन आले होते.

फाउस्तोला राहवलं नाही. "नाझारे, कोपरानं मात्र कमाल केलीय हं! डायलॉग नव्हता वाटतं त्याला?"

लोरेदाना फिस्सकन हसली. तिला हसायचं नव्हतं, मी तिचा चेहरा पाहत होते. पण हसू आलं ते आलंच.

"तो मी आहे," नाझारेनो म्हणाला. "पूर्ण येत होतो. त्यानं सांगितलं होतं मला."

"पापा, कुणाचाही हात असेल," लोरेदाना म्हणाली. "तीस वर्षं झाली. सोड ना आता. आम्ही कुठे काय म्हणतोय?"

तेव्हा एर्सिलिया उठली. तिनं फीत मागे घेतली, दंडापाशी थांबवली आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. दंडावर देवी काढल्याचे दोन गोल व्रण होते, एकाला एक चिकटलेले.

"हे कुणाचे आहेत ते मला विचारा," ती म्हणाली. "ह्या व्रणांपायी माझी नोकरी गेलीय!"

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. त्या चित्रपटात ती रंगभूषेच्या बाईची मदतनीस होती. पुरातन काळातल्या पहारेकऱ्यांच्या दंडावर लस टोचल्याच्या खुणा दिसून कशा चालतील? म्हणून रोज सकाळी ती तपकिरी लेपाची वाटी घेऊन रांगेतून फिरायची आणि एकेकाचा दंड लिंपायची. दरबाराच्या दिवशी शिवाय हुकूम निघाला होता की राणीचे पहारेकरी गुळगुळीत हवेत. तिनं वस्तरा घेतला आणि नाझारेनोची मिशी साफ उतरवली. तो लहान मुलासारखा फुगून बसला. त्याची समजूत काढता काढता दोघांना हसू फुटलं, बोलणं वाढलं, आणि दंडाला लेप लावायचा राहून गेला. चूक पुढे कुणाच्या तरी नजरेला आली आणि एर्सिलियाला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती फाटकाबाहेर रडत उभी असताना हा बिनमिशीचा माणूस आला आणि म्हणाला, "माझ्यामुळे गेली ना? मग चल, जेवायला तरी चल." ती गेली.

असं सगळं ती सांगत होती. नाझारेनो मान खाली घालून ऐकत होता. फाउस्तो गॅलरीत सिगारेट ओढायला गेला होता. आणि लोरेदाना कॉफीचे कप उचलून स्वयंपाकघरात गेली होती. नळ सुरू होता. तिनं यातलं काही ऐकलं नाही. आईच्या जुन्या गोष्टी सुरू झाल्या की लोक कप उचलतात, तशीच तीही उठली होती. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

त्या रविवारनंतर नाझारेनोनं ती गोष्ट सांगणं बंद केलं. पेपरवाल्यानं एकदा विचारलं, "काय रे, सापडलास का आत?" तर तो पेपर घेऊन मुकाट्यानं निघून आला, असं एर्सिलियानं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं. पण कामावरून आला की हात धुऊन तो मला यंत्रात घाली. बाकीचा चित्रपट त्याला नकोच असे. तो थेट दरबारात जाई आणि दंडापाशी चित्र थांबवी. मग खुर्ची ओढून काचेच्या त्या काठाकडे वाकून पाही. जणू मान तिरकी केली तर आणखी थोडं दिसेल.

"भिंतीमागं शोधतोयस का स्वतःला?" एर्सिलिया चेष्टा करी.

"इथंच आहे मी. बोटभर पलीकडे," तो म्हणे.

आता तुम्हाला आमच्या जातीचं एक दुखणं सांगते. चित्र थांबवलं की फीत थांबते, पण यंत्राचं आतलं डोकं फिरतच राहतं. ते फितीच्या त्याच बोटभर जागेवर घासत राहतं. जेवढा वेळ तुम्ही थांबून पाहाल तेवढा वेळ ती जागा झिजते. नाझारेनो ज्या जागेवर जीव टाकत होता, तीच रोज थोडी थोडी खरवडली जात होती. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला बोलता येत असतं तर मी आधी त्याची माफीच मागितली असती.

पुढे चुन्याची धूळ त्याच्या छातीत बसली. नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात तो गेला. घरात त्याचे फोटो होते. लग्नातला, लोरेदानाच्या बाप्तिस्म्यातला, समुद्रावरचा. सगळ्यांत मिशी, सगळ्यांत ताठ. हलणारा नाझारेनो मात्र साऱ्या जगात फक्त माझ्या पोटात उरला होता. तोही खांद्यापासून मुठीपर्यंत.

म्हणून रविवारी जेवण झालं की एर्सिलिया मला लावू लागली. ती चित्र थांबवी आणि त्या दोन व्रणांवर बोट ठेवून बसे. कधी बोले. "तेव्हाच लेप लावला असता तर आज मी तुला ओळखलं तरी असतं का रे?" एकदा तर ती हसली आणि म्हणाली, "मिशी काढली म्हणून किती रुसला होतास, वेड्या." मी हे सारं ऐकत होते आणि झिजत होते. आधी पांढऱ्या रेघा आल्या. मग व्रण पुसट झाले. मग कोपर गेलं. चार-पाच वर्षांत त्या आठ सेकंदांच्या जागी नुसतं पांढरं धुकं उरलं. एर्सिलिया तरी मला लावतच राहिली. ती म्हणे, आपलेच डोळे अधू झालेत. आणि दुर्दैव बघा, तेही खरंच होतं. तिच्या नजरेच्या मधोमध काळा डाग पडला होता आणि तो पसरत चालला होता.

एका रविवारी लोरेदाना अचानक आली. आई त्या धुक्यावर बोट टेकवून बसलेली तिनं दारातून पाहिली. "मम्मा, काय बघतेस?" तिनं विचारलं.

"पापा आहे ना तुझा. दिसत नाही का?"

दुसऱ्या दिवशी लोरेदानानं मला पिशवीत घातलं आणि कॅसेटींवरून डीव्हीडीच्या तबकड्या करून देणाऱ्या एका दुकानात नेलं. दुकानदारानं मला लावून पाहिलं. "बाकी चित्रपट धड आहे हो. ही एकच जागा काय केलीत? थांबवून थांबवून जाळलीत पार."

"परत नाही येणार?"

"जळलेलं कसं येणार, बाई? काय होतं तिथे?"

"माझे वडील," लोरेदाना म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. नाझारेनो ऐकायला हवा होता.

त्या दिवसापासून ती हात धुऊन मागं लागली. फोन केले, पत्रं लिहिली, कुणाकुणाला भेटली. दोन वर्षांनी तिला कळलं की त्या चित्रपटाची एक मूळ प्रत कुठल्याशा संग्रहात सापडली आहे आणि तिच्यावरून नवी तबकडी निघते आहे. धुऊन-पुसून, रंग उजळून, आणि मुख्य म्हणजे पूर्ण लांबीची. दोन्ही बाजूंसकट.

ती तबकडी घेऊन लोरेदाना आली तोही रविवारच होता. फाउस्तोनं रुंद टीव्ही आणून आधीच लावला होता. पण एर्सिलियाला आता उजेड-अंधार तेवढाच कळत असे. ती खुर्चीत ताठ बसली. केस विंचरून घेतले होते, कानांत मोती होते.

"जुनी कुठंय?" तिनं विचारलं.

"कोण जुनी?"

"कॅसेट. इथं ठेव टेबलावर. तिनं इतकी वर्षं त्याला सांभाळलंय, तिलाही बघू दे."

म्हणून मीही तिथे होते, मित्रांनो. मी पहिल्यांदाच स्वतःला पूर्ण पाहिलं. केवढं मोठं जग होतं ते! ज्या सिंहाला मी एकटा समजत होते त्याच्या शेजारी त्याची शेपटी धरून बसलेला माणूससुद्धा अर्धा दिसत होता. मला शरम वाटली आणि आनंदही झाला. आता तो येईल, मी मनात म्हणत होते. आता पूर्ण येईल.

दरबार आला. मधोमध महाबली. उजव्या बाजूला लाकडी तलवार, मूठ, कोपर, दंडावरचे दोन व्रण अगदी स्पष्ट. त्याच्यावर खांदा. आणि खांद्याच्या वर लाल निशाण.

निशाण म्हणजे लाल रंगात बुडवलेली चादर होती. पुढच्या रांगेत कुणीतरी ती काठीला बांधून धरली होती आणि पंख्याच्या वाऱ्यावर ती नाझारेनोच्या तोंडावरून फडफडत होती. माझ्या कोपऱ्यात इतकी वर्षं जे लाल टोक हलत होतं ते हेच. लोरेदानानं चित्र थांबवलं. एकेक चित्र पुढे सरकवलं. चादर हलली, दुमडली, पुन्हा पसरली. एकदा केस दिसले, एकदा कानाची पाळी. आठ सेकंदांत तोंडावरून ती एकदाही हटली नाही. मग राणी आली.

फाउस्तो तोंड उघडणार होता. लोरेदानानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून गॅलरीत गेला.

"आला का?" एर्सिलियानं विचारलं.

"आला, मम्मा."

"पूर्ण?"

लोरेदाना मागे गेली, पुन्हा दंडापाशी थांबली. ती लहानपणापासून तोलून-मापून बोलणारी. बापाला तिनं कधी एक पै जास्तीची दिली नव्हती शब्दांत. "पूर्ण आलाय," ती म्हणाली. "पायापासून डोक्यापर्यंत."

"कसा दिसतो गं?"

"हसतोय. इकडेच बघून हसतोय. एवढा तरुण आहे, मम्मा! छाती काढून उभा राहिलाय. आणि मिशी तर बघ, काय पीळ दिलाय!"

एर्सिलियाचा हात खुर्चीच्या हातावर होता. तो तिथेच थांबला.

मित्रांनो, त्या खोलीत मिशीची खरी गोष्ट दोघींनाच ठाऊक होती, एक एर्सिलियाला आणि एक मला. त्या सकाळी वस्तरा तिच्याच हातात होता. लोरेदानानं आपल्या बापाला जन्मात कधी मिशीवाचून पाहिलं नव्हतं, आणि ज्या दिवशी आईनं ते सांगितलं त्या दिवशी नळ सुरू होता.

"मिशी आहे ना?" एर्सिलियानं हळूच विचारलं.

"आहे ना. काळीभोर."

एर्सिलियानं हात पुढे केला आणि चाचपडत लेकीचा हात धरला. "शोभायचीच त्याला," ती म्हणाली. "सांग पुढं. आणखी काय दिसतं?"

आणि लोरेदाना सांगत राहिली. डोळे कसे आहेत, कपाळावर घाम कसा आहे, दात कसे दिसतात. लाल चादरीकडे पाहत पाहत ती सांगत होती, आणि तिचे डोळे वाहत होते, आणि आवाज मात्र तिनं हलू दिला नाही. एर्सिलिया प्रत्येक गोष्टीला हो, हो म्हणत होती.

एर्सिलिया पुढच्या वर्षी गेली. घर आवरताना लोरेदानानं मला टाकून दिलं नाही, बुटांच्या खोक्यात घालून तळघरात ठेवलं. एवढं तरी माझ्या वाट्याला आलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना ओल, ऊन आणि धूळ यांपासून जपा, वर्षातून एकदा फीत पुढे-मागे करून घ्या, आणि लाडक्या जागेवर फार वेळ थांबवू नका, हे मी सांगायला हवंच. पण मी तरी काय, अर्धीमुर्धी वस्तू. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस पुन्हा तीच जुनी गोष्ट सांगायला बसलं, तर एवढं करा. नळ बंद करा, हातातले कप खाली ठेवा, आणि शेवटपर्यंत ऐकून घ्या. मिशी कोणत्या दिवशी नव्हती, हे दुसरं कुणी सांगणार नाही.